‘तारे जमीं पर’मधले आईबाप

शिक्षकदिन जवळ आला की बऱ्याच शाळांतून ‘तारे जमीं पर’ दाखवला जातो. आमीर खान यांचे दिग्दर्शन आणि अमोल गुप्ते यांचे लेखन असलेला हा हिंदी चित्रपट २१ डिसेंबर २००७ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याने डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-अक्षमता, हा शब्द घरोघरी नेला. मुले तो पाहताना रडतात, शिक्षक डोळे पुसतात. आम्हीही पुसले आहेत.

मात्र या चित्रपटाने शिक्षकांच्या बोलण्यात एक नवे लेबलही आणले आहे. ‘तो तुमच्या वर्गातला “तारे जमीं पर”वाला मुलगा’ असे आपण सहज म्हणून जातो. कोणी वाचताना अडखळतो, कोणी जागेवर बसत नाही, कोणी आवाज झाला की कान झाकतो, कोणी नजरेला नजर देत नाही. सगळ्यांना हे एकच नाव. म्हणून ज्या चित्रपटाकडून आपण इतके शिकलो, त्याने काय बरोबर शिकवले, काय चुकीचे शिकवले आणि काय दाखवलेच नाही, हे शिक्षकाच्या नजरेने एकदा नीट तपासून पाहिले पाहिजे.

याला निमित्त घडले ते वडगाव मावळला. पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावरचे हे तालुक्याचे गाव. गेल्या पावसाळ्यात आम्ही काही शिक्षक आणि पालक एका शाळेच्या पत्र्याच्या खोलीत हा चित्रपट पुन्हा पाहायला बसलो. मावळातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, की तो पत्र्यावर कोसळू लागला की शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. संवाद कळेनात म्हणून कोणीतरी कर्णा मोठा केला. तेवढ्यात मागे बसलेला एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा दोन्ही हातांनी कान दाबून उठला आणि दाराकडे धावला. त्याची आई पाठोपाठ गेली. उरलेला चित्रपट तिने व्हरांड्यात उभ्या उभ्या, खिडकीतून पाहिला. शेवटी चर्चा सुरू झाली तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला : “सिनेमातला मुलगा चित्रं काढतो. आमच्याला असं काहीच येत नाही. मग त्याचं काय?”

आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. हे परीक्षण म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

जे बरोबर साधले

प्रथम चित्रपटाचे श्रेय त्याला देऊ. ईशान अवस्थी हा तिसरीत नापास होऊन तिथेच बसलेला मुलगा. त्याचे जग चित्रपट त्याच्याच डोळ्यांनी दाखवतो. गणिताच्या परीक्षेत तीन गुणिले नऊ हा एकच प्रश्न तो सोडवतो. तिसरा ग्रह पृथ्वी आणि नववा ग्रह प्लूटो यांची टक्कर होते, प्लूटो नष्ट होतो आणि उत्तर येते तीन. चुकीच्या उत्तरामागे मुलाने केवढा खटाटोप केलेला असू शकतो, हे इतक्या थोडक्यात दाखवणारे दुसरे दृश्य आम्हाला आठवत नाही. (२००६ साली प्लूटोचे ग्रहपद गेले, पण ते ईशानच्या गुणाकारापेक्षा वेगळे प्रकरण!)

दुसरे दृश्य आहे कलाशिक्षक निकुंभ ईशानच्या घरी जातो तेव्हाचे. वडील म्हणतात, मुलगा मुद्दाम वाचत नाही. निकुंभ एक खोका उचलून त्यांच्या हातात देतो आणि त्यावरची परकी लिपी वाचायला सांगतो. वडिलांना ती येत नाही. तेव्हा निकुंभ त्यांच्याच शब्दांत त्यांना दटावतो. ‘येत नाही’ आणि ‘करत नाही’ यांतला फरक समजावण्यासाठी कोणत्याही प्रशिक्षणात हे दृश्य तसेच्या तसे वापरावे. त्याच भेटीत निकुंभ शर्टाची बटणे, बुटाची नाडी आणि चेंडू झेलणे यांचाही उल्लेख करतो, तोही योग्य आहे. अडचण वहीपुरती नसते, सकाळी कपडे घालण्यापासून सुरू होते, हे त्यातून कळते.

पुढे वाळूत बोटाने अक्षर गिरवणे, मातीची अक्षरे करणे, पायऱ्यांवरून चढत-उतरत बेरीज-वजाबाकी करणे या रीती दिसतात. अक्षराचा आवाज, आकार आणि हाताची हालचाल यांची एकत्र सांगड घालण्याची ही पद्धत शिक्षक फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. तिचा गाभा मात्र वाळू किंवा माती नव्हे. ध्वनी आणि अक्षर यांची जोडी क्रमाने, उघडपणे, पुन्हा पुन्हा शिकवणे हा तो गाभा आहे. आपल्याकडे अनेकदा वाळूचे ताट येते, पण क्रम येत नाही.

अक्षरे नाचतात का?

‘अक्षरे नाचतात’ असे ईशान वर्गात सांगतो आणि पडद्यावर अक्षरे खरोखरच वळवळू लागतात. प्रेक्षकाला मुलाची अवस्था कळावी म्हणून हे चित्र ठीक आहे. विज्ञान म्हणून ते दिशाभूल करते. वाचन-अक्षमता हा मुळात डोळ्यांचा दोष नाही. बोललेल्या शब्दातले सुटे ध्वनी ओळखणे, ते मनात धरून ठेवणे आणि त्यांची अक्षरांशी झटपट जोडी लावणे हे काम बहुतेक अशा मुलांच्या मेंदूला जड जाते. इंग्रजीतील ‘बी’ आणि ‘डी’ ही अक्षरे उलटसुलट लिहिणे हे तर लिहायला शिकणाऱ्या बहुतेक मुलांत काही काळ दिसते.

मराठी शाळेतील शिक्षकाने येथे विशेष सावध राहिले पाहिजे. चित्रपटातली सारी लक्षणे इंग्रजी वहीतली आहेत. देवनागरीत ‘बी-डी’सारखी आरशातली जोडी शोधत बसलो तर मूल हातचे निसटेल. आपल्याकडे अडचण दिसते ती काना-मात्रा गाळण्यात, जोडाक्षरांत, आणि भ-म, घ-ध, थ-य अशा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत. शिवाय देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ आहे. इटालियन, जर्मन अशा सरळ लिपीच्या भाषांत असे आढळले आहे की वाचन-अक्षम मूल पुढे बरेचसे अचूक वाचू लागते, पण फार सावकाश आणि दमून वाचते. म्हणजे ‘वाचतो ना, मग झाले’ असे म्हणून आपण ज्याला सोडून देतो, त्याच्याकडेच पाहायला हवे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांसाठी ‘डाली’ नावाची चाचणी-संहिता तयार केली, ती याच गरजेतून.

आणखी एक गोष्ट. वाचन-अक्षमता बरेचदा घराण्यात चालत येते. चित्रपटात निकुंभ स्वतःही त्यातून गेलेला आहे. पण हा धागा पालकांपर्यंत नेलेला नाही. आपल्या शाळेत तो न्यायला हवा. आपण रोजनिशीत लाल शाईने चार ओळी लिहून पाठवतो, पालकांची सही येत नाही आणि आपण म्हणतो, ‘घरच्यांना काही पडलेली नाही.’ ज्या वडिलांना आपण हे म्हणतो, ते स्वतःच कदाचित लहानपणी वाचता येत नाही म्हणून शाळा सोडलेले असतील. चार ओळींपेक्षा चार मिनिटांचे बोलणे अशा घरी जास्त पोचते.

शापाने मरणारे झाड

आता चित्रपटातल्या आम्हाला सर्वांत खटकणाऱ्या जागेकडे येऊ. ईशानचे वडील निकुंभला भेटायला येतात आणि सांगतात, की माझी पत्नी या विषयावर वाचते आहे. आम्हाला काळजी नाही असे समजू नका. त्यावर निकुंभ त्यांना सॉलोमन बेटांची गोष्ट ऐकवतो. तिथले लोक म्हणे झाड तोडत नाहीत. सारे मिळून झाडाभोवती उभे राहतात, त्याला शिव्याशाप देतात आणि थोड्याच दिवसांत झाड वाळून मरते.

विज्ञानाच्या शिक्षकांनी येथे हात वर करायला हवा होता. शिव्यांनी झाड वाळते याला कोणताही भरवशाचा पुरावा नाही. पॅसिफिक महासागरातल्या त्या बेटांवरचे लोक इतर कोणाहीप्रमाणे कुऱ्हाडीने झाड तोडतात, आणि लाकूड हा तर त्यांच्या निर्यातीतला मोठा माल राहिला आहे. १९८० च्या दशकातील एका लोकप्रिय अमेरिकी लेखसंग्रहातून ही गोष्ट दूरवर पसरली. या चित्रपटानंतर ती आपल्या पालकसभांच्या भाषणांत येऊन बसली.

प्रश्न फक्त चुकीच्या माहितीचा असता तर आम्ही तो तळटीपेत टाकला असता. पण या गोष्टीने चित्रपट एक काम करतो : मुलावरचा ठपका काढून तो आईबापांवर ठेवतो. आळशी, हट्टी मूल ही समजूत खोडली जाते आणि तिच्या जागी निष्ठुर, महत्त्वाकांक्षी पालक ही समजूत येते. वडील सूचनाफलकापाशी अडखळत वाचणाऱ्या मुलाला पाहतात आणि रडत परत जातात, इतकेच त्यांच्या वाट्याला येते.

मुलाच्या मेंदूतील वेगळेपणासाठी पालकाला आरोपी करण्याचा इतिहास मोठा आहे आणि दुःखाचा आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्न मुलांचे पहिले प्रसिद्ध वर्णन केले. त्यात ११ मुले होती. त्यांचे आईवडील कोरडे वाटतात अशी नोंदही त्यांनी केली. पुढे ‘मायेची ऊब न देणाऱ्या आईमुळे मूल स्वमग्न होते’ असा सिद्धान्तच उभा राहिला, आणि १९६७ मधील ब्रूनो बेटलहाइम यांच्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या पुस्तकाने त्याला मोठी लोकप्रियता दिली. हजारो आयांनी हा ठपका वर्षानुवर्षे वाहिला. बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच या मताला पुराव्यांनिशी विरोध केला होता. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते.

मग १९७७ मध्ये सुसान फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक जोडीत निदान एक मूल स्वमग्न होते. एकाच गर्भपेशीपासून झालेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दुसरेही मूल स्वमग्न निघाले. वेगळ्या पेशींपासून झालेल्या १० जोड्यांत एकाही नाही. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली वाढतात. आईचे वागणे हे कारण असते तर दोन्ही प्रकारांत असा फरक पडला नसता. आकडे लहान होते, पण पुढच्या मोठ्या अभ्यासांनी आनुवंशिकतेचा हा वाटा पक्का केला. आज स्वमग्नता, अवधानातील अडचण किंवा वाचन-अक्षमता ही संगोपनातून निर्माण होते असे कोणी जाणकार म्हणत नाही.

रागाने, माराने, टोमण्यांनी मूल खचते हे अर्थात खरे आहे. वसतिशाळेत टाकलेला ईशान चित्र काढायचाच थांबतो, हे चित्रपटाने अचूक दाखवले आहे. पण मूल खचणे वेगळे आणि मूल मुळात तसे असणे वेगळे. ईशानचे पालक पहिल्याचे दोषी आहेत, दुसऱ्याचे नाहीत. शापाच्या गोष्टीत हे दोन्ही एकत्र कालवले जाते. त्या व्हरांड्यातल्या आईने खिडकीतून हेच ऐकले असेल.

न दिसलेला दिवस

चित्रपटाच्या पहिल्या भागात आईचा दिवस थोडा तरी दिसतो. सकाळची धांदल, डबे, अंथरुणातून न उठणारा धाकटा, संध्याकाळी त्याच्यासमोर वही घेऊन बसणे. निकुंभ आला की ही आई कथेतून जवळजवळ निघून जाते. दुसरा अर्धा भाग शिक्षकाचा आहे. मूल वसतिशाळेत असल्यामुळे घराचा प्रश्नच उरत नाही, आणि शेवटी आईबाप प्रेक्षक म्हणून हजर होतात. पण आपली मुले वसतिशाळेत नाहीत. ती दुपारी किंवा संध्याकाळी घरीच जातात. म्हणजे चित्रपट जिथे कॅमेरा बंद करतो, तिथून आपल्या पालकांचे काम सुरू होते.

त्या आईशी पुढे आमचे बोलणे झाले. ओळख पटेल असे तपशील आम्ही देत नाही. तिच्या आणि इतर तीन-चार घरांच्या बोलण्यातून जे सगळीकडे सारखे आले तेवढेच सांगतो. सकाळी टूथपेस्टचा फेस तोंडाला सहन होत नाही. गणवेशाची कडक कॉलर आणि मानेमागचे लेबल टोचते. कुकरची शिट्टी होण्याआधी मुलाला अंगणात न्यावे लागते. नखे आणि केस कापणे म्हणजे घरात भांडण. पोटोबा महाराजांच्या उत्सवात ढोल वाजू लागले की एकाला घरी थांबावे लागते. लग्नात बँड सुरू झाला की आई मुलाला घेऊन मांडवाबाहेर, आणि मांडवात नातेवाईक म्हणतात, ‘फार लाडावून ठेवलाय.’

हा लाडाचा प्रश्न नाही. शर्ट अंगावर चढवल्यावर थोड्या वेळात आपल्याला त्याचा स्पर्श जाणवेनासा होतो. सतत येणाऱ्या निरुपद्रवी संदेशाकडे दुर्लक्ष करण्याची ही मज्जासंस्थेची सवय आहे. काही मुलांत ही सवय पुरेशी लागत नाही. दुपारचे लेबल सकाळइतकेच टोचते. काहींचे उलटे असते. त्यांना संदेश कमी पोचतात, म्हणून ती सतत धडकतात, लोंबकळतात, गरगर फिरतात. डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा यांखेरीज तोल सांभाळणारी अंतर्कर्णातली यंत्रणा आणि स्नायू-सांध्यांतून येणारी अंगस्थितीची जाण याही संवेदनाच आहेत. बटण लावताना या साऱ्यांचा मेळ लागतो.

या विषयाची पायाभरणी कॅलिफोर्नियातील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी केली. त्यांचे संवेदनांच्या समन्वयावरचे पुस्तक १९७२ चे. २०१३ मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीत संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणे हे स्वमग्नतेच्या लक्षणांत नोंदले गेले. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ‘संवेदन-प्रक्रियेचा विकार’ हे स्वतंत्र निदान म्हणून वापरू नये असा सल्ला दिला, आणि या उपचारपद्धतींच्या परिणामाचा पुरावा मर्यादित असल्याचे सांगितले. मुलाचा त्रास खरा आहे; त्या त्रासावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक उपचाराचा दावा खरा असेलच असे नाही. वडगावहून आठवड्यातून दोनदा लोकलने पुण्याला जाणाऱ्या आणि दर फेरीला एक दिवसाची मजुरी गमावणाऱ्या घराला हे स्पष्ट सांगणे आपले कर्तव्य आहे.

फुकट आणि घरच्या घरी होणाऱ्या गोष्टी या आयांनी आधीच शोधून काढल्या होत्या. लेबल कात्रीने उसवायचे. नवा गणवेश चार-पाच वेळा धुऊन मऊ करायचा. नखे आंघोळीनंतर, मऊ असताना कापायची. शिट्टी होणार, पाहुणे येणार, वाट बदलणार हे आधी सांगायचे. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावायचा. जत्रेत जायचे, पण ढोल सुरू होण्याआधी परतायचे. हे निरीक्षण आहे, अंदाज बांधणे आहे, प्रयोग करून पाहणे आहे आणि फसला तर बदलणे आहे. आपण ज्याला वैज्ञानिक पद्धत म्हणून फळ्यावर लिहितो ती या स्वयंपाकघरांत रोज चालते, आणि ती आपल्याला कधी कोणी सांगत नाही, कारण आपण विचारत नाही.

मराठी रंगभूमीला आणि चित्रपटाला हा विषय नवा नव्हता. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ नाटकात मतिमंद मुलाचे आईबाप मध्यभागी आहेत. त्यांचे प्रेम आणि त्यांचा थकवा दळवींनी एकमेकांपासून लपवलेले नाहीत. संजय सूरकर यांच्या १९९१ मधील ‘चौकट राजा’त लहानपणीच्या अपघाताने बुद्धीची वाढ थांबलेला नंदू (दिलीप प्रभावळकर) आणि त्याला सांभाळणारी आई आहे. त्या काळचे शब्द आज आपण वापरणार नाही, आणि दोन्हींत दुःखाचा सूर मोठा आहे. तरीही मूल वाढवणे हे कोणाचे तरी रोजचे काम आहे, याचा विसर तिथे पडत नाही. ‘तारे जमीं पर’ने मुलाला दया नाकारून मान दिला, ही मोठी पुढची पायरी. फक्त ती चढताना आईबाप खाली राहून गेले.

ज्याला चित्र येत नाही

आता तो प्रश्न. ईशान शेवटी चित्रस्पर्धा जिंकतो. ज्या शाळेत तो मुका झाला होता, तिथे त्याचे चित्र वार्षिकाच्या मुखपृष्ठावर येते. प्रेक्षक टाळ्या वाजवतो, पण कशासाठी? मूल वाचू लागले म्हणून, की मूल विलक्षण निघाले म्हणून? निकुंभ वर्गात आइनस्टाइन, लिओनार्दो, एडिसन यांची नावे घेतो तेव्हाही हाच अर्थ निघतो : हा वेगळा आहे, म्हणून हा थोर असणार.

ही यादी इतिहास म्हणूनही कच्ची आहे. मेलेल्या माणसाची चाचणी घेता येत नाही. आइनस्टाइन तर शाळकरी वयात विज्ञानाची आणि तत्त्वज्ञानाची जड पुस्तके आवडीने वाचत होता. त्याला वाचन-अक्षम ठरवायला आधार नाही. पण यादी खरी असती तरी ती आपल्या कामाची नव्हती. वाचन-अक्षमतेबरोबर प्रतिभा येतेच असा नियम नाही. या मुलांत काही चित्रकार असतात, काही नसतात, जसे आपण सारे. चित्र न येणाऱ्या मुलाचा शिकण्याचा हक्क रतीभरही कमी होत नाही. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता दोन्ही आहेत. या तरतुदींत कुठेही ‘मूल गुणी असल्यास’ अशी अट नाही. ती अट आपण चित्रपटातून उचलली.

तोत्तोचानची आई

तुलनेसाठी शिक्षकांच्या ओळखीचे एक पुस्तक घेऊ. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ जपानमध्ये १९८१ साली आले. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे ते मराठीत घरचे झाले. पहिलीतल्या तोत्तोचानला शाळेतून काढून टाकतात, कारण ती मेजाचे झाकण सारखे उघडते-मिटते आणि खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्र्यांना हाका मारते. पुस्तकाने तिला कोणतेही निदान चिकटवलेले नाही. आम्हीही चिकटवणार नाही.

आपण सारे या पुस्तकातले मुख्याध्यापक कोबायाशी लक्षात ठेवतो. त्यांची तोमोए शाळा १९३७ ते १९४५, म्हणजे बॉम्बहल्ल्यात जळेपर्यंत चालली. पहिल्या भेटीत ते त्या मुलीचे बोलणे चार तास ऐकतात. पण त्याआधी आईने काय केले ते पाहा. मुलीला शाळेतून काढले हे तिने मुलीला सांगितलेच नाही. नवी शाळा शोधली आणि ‘आपण दुसरी शाळा बघून येऊ’ इतकेच म्हटले. खरी गोष्ट तोत्तोचानला विसाव्या वर्षी कळली. पुढे कुंपणाखालून सरपटून ती रोज कपडे फाडून येते, आणि आई त्याचा बाऊ करत नाही. कोबायाशी पालकांकडे मागणी करतात ती एवढीच : मुलांना जुनेपाने कपडे घालून पाठवा, डब्यात थोडे समुद्राचे आणि थोडे डोंगराचे द्या. घराला झेपेल इतके मागायचे आणि बाकीचे शाळेने उचलायचे.

इथे कोणी कोणाला शाप देत नाही. तोत्तोचान सभ्य आणि शांत होऊन दाखवत नाही, कुठली स्पर्धा जिंकल्याने तिचे स्थान ठरत नाही. आई आणि शाळा एकाच बाजूला उभ्या असल्या की पुरते, एवढेच हे पुस्तक दाखवते. चित्रपटातला निकुंभ आईबापांच्या समोर उभा राहतो. कोबायाशी त्यांच्या शेजारी उभे राहतात. आम्हाला शिक्षक म्हणून दुसरी जागा हवी आहे.

मग चित्रपट दाखवावा की नाही?

जरूर दाखवावा. पण तो संपल्यावर डोळे पुसून घरी जाऊ नये. आम्ही सुचवतो ते असे. खोक्यावरच्या परक्या लिपीचे दृश्य आले की चित्रपट थांबवावा आणि प्रत्येक शिक्षकाला न येणाऱ्या लिपीतला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला द्यावा. सॉलोमन बेटांची गोष्ट आली की पुन्हा थांबवावा आणि ‘हे आपण कसे तपासू?’ असे विचारावे. विज्ञानाच्या तासाला याहून चांगला गृहपाठ नाही. शेवटच्या स्पर्धेनंतर विचारावे, ‘ईशान हरला असता तर?’ आणि चर्चेत पहिले बोलणे पालकांचे असावे. त्यांना सल्ला देण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत : सकाळी उठल्यापासून शाळेत येईपर्यंत काय काय होते? आणि तुम्ही त्यावर काय शोधून काढले आहे?

वडगावच्या त्या मुलाच्या बाबतीत आम्ही हे दोन प्रश्न उशिरा विचारले. उत्तरातून कळले, की पावसाच्या दिवशी तो शाळेत येत नाही तो पत्र्यामुळे. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे पूर्ण जुलै महिना गैरहजेरीचे शेरे होते आणि आम्ही ते घराच्या हलगर्जीपणाच्या खात्यावर मांडले होते. शाळेत स्लॅबची एक खोली होती. आता मोठा पाऊस आला की त्याचा वर्ग तिथे बसतो, आणि जागा नसेल तेव्हा तो एकटा एका मित्राबरोबर तिथे बसून वाचतो. त्याचे वाचन अजून सावकाश आहे. चित्र त्याला अजूनही येत नाही. तो शाळेत येतो.

पुढच्या वर्षी हा चित्रपट आम्ही जानेवारीत दाखवणार आहोत, आकाश कोरडे असताना आणि कर्णा बेताचा ठेवून. त्या आईला पुढच्या रांगेत बसायचे निमंत्रण आताच दिले आहे.